पथ्य सगळ्या घराचं

धाकटीची चाळिशी केव्हाच उलटली होती, केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं, तरी घरात आणि दुकानात ती धाकटीच होती. दादा तिच्याहून मोठा, वहिनी तर दादाहूनही मोठी असल्यासारखी वागणारी, आणि या तिघांच्या खाली घरात चौथं कुणी जन्मालाच आलं नाही, त्यामुळे धाकटी हे पद तहहयात तिच्याकडेच राहिलं. तिघांची मिळून एक बेकरी होती. खाली पुढे दुकान, मागे भट्टी आणि वर राहायच्या खोल्या. दादा पाव भाजायचा, वहिनी दुकान, गिऱ्हाईकं आणि जमलं तर सगळं जग सांभाळायची, आणि धाकटी केक सजवायची.

तिच्या हातचे साखरेचे गुलाब बघायला माणसं काही घ्यायचं नसलं तरी दुकानात डोकावून जायची. एकदा एक मधमाशी तिच्या गुलाबावर येऊन बसली आणि चांगलीच फसली, ही गोष्ट दादा येईल त्याला सांगायचा. साखरेवर मधमाशी बसली यात फसवणूक कसली, असं वहिनी दर वेळी विचारायची. यावर दादा तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

धाकटीला बायपोलरचा आजार होता. हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं आणि त्याची दवंडीही पिटली नव्हती. मनाला चढउतार सगळ्यांनाच असतात, पण हिच्या मनाला चढ लागला की ब्रेक नसायचा आणि उतार लागला की तळ नसायचा. चढाच्या दिवसांत तिला झोप नको, जेवण नको, आणि डोक्यात कल्पनांची जत्रा. उताराच्या दिवसांत अंथरुणातून उठून दात घासणं म्हणजे डोंगर उचलणं. औषध मिळालं, मानवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं की गोळी हा अर्धा उपाय, उरलेला अर्धा म्हणजे रोजचं जगणं. झोपायची वेळ ठरलेली, उठायची ठरलेली, जेवणाची ठरलेली. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नाही, दारू नाही, जागरण तर अजिबात नाही. रोज थोडं चालणं, ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी.

आता या घराची एक खोड इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. या घरात पथ्य एकाचं असलं तरी पाळायचं सगळ्यांनी. वहिनी म्हणायची, एका छपराखाली दोन स्वयंपाक म्हणजे दोन संसार. त्यामुळे धाकटीची कॉफी बंद झाली त्या संध्याकाळी दादाचीही बंद झाली, आणि दादा असा माणूस होता की कॉफीशिवाय त्याला स्वतःचं नावसुद्धा पटकन आठवायचं नाही. त्याची सुट्टीच्या दिवसाची बिअरही गेली. दिवेलागणीला जेवण, मग तिघांचं रस्त्याच्या टोकाच्या पुलापर्यंत फिरणं, मग टीव्हीवरच्या मालिकेतला खून कुणी केला हे कळायच्या आत टीव्ही बंद. दादा म्हणायचा, आमच्या घरात आजवर एकही खुनी पकडला गेला नाही. पण तो कधी कुरकुरला नाही, आणि धाकटीला याचं ओझंही वाटायचं आणि ऊबही.

सगळ्यात शेवटी गोळी. वहिनी ओट्यावरच्या डबीतून गोळ्या काढायची, तळहातावर ठेवून पुढे करायची आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. धाकटी गोळी गिळायची, ग्लास रिकामा करायची आणि म्हणायची, ‘घेतली गं.’ तोवर वहिनी स्वच्छ ओटा पुन्हा पुसत राहायची, जणू ती तिथे ओट्यासाठीच उभी होती. ‘घेतली गं’ ऐकल्याशिवाय ती झोपायला गेली, असं पाच वर्षांत एकदाही झालं नव्हतं. तापानं फणफणली होती तेव्हाही शाल गुंडाळून येऊन उभी राहिली होती.

पाच वर्षांपूर्वी असं काय घडलं होतं, तर धाकटीनं गोळी बंद केली होती. गुपचूप, आणि तिच्या मते अगदी योग्य कारणासाठी. या औषधानं हाताला बारीकशी थरथर येते. एका लग्नाचा तीन मजली केक करायचा होता, आणि तिला वाटलं की तेवढ्यापुरती गोळी बाजूला ठेवली तर हात एकदम साफ चालेल. हात चाललाही. मग तो थांबेचना. तीनाचे पाच मजले झाले, पाचाचे नऊ झाले, दुकानातला सगळा मैदा आणि सगळी साखर संपली, आणि तिनं कामाच्या टेबलाभोवतीची भिंतसुद्धा क्रीमनं सजवली. लग्नाच्या सकाळी तो मनोरा दारातून बाहेर निघेना. नवरी मुलगी फुटपाथवर उभी राहून रडली. त्यानंतर धाकटीचे बरेच दिवस दवाखान्यात गेले, आणि त्याहून जास्त दिवस घरी, भिंतीकडे तोंड करून.

ती बरी झाली, कामावर आली, पण मोठं काम तिच्याकडे परत आलं नाही. मुलांच्या वाढदिवसाचे छोटे केक, त्यावर नाव आणि दोन फुलं, बस. गिऱ्हाईकं काही बोलायची नाहीत, नुसती मोठी ऑर्डर दुसरीकडे द्यायची. आणि वहिनी दुधानं तोंड पोळलेली. ती ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. धाकटी जरा मोठ्यानं हसली की वहिनीचा चालता हात थांबायचा. धाकटीनं ‘मला एक कल्पना सुचलीय’ म्हटलं की वहिनी आधी विचारायची, काल झोप लागली होती ना. माणसानं खुशीत यायचं तरी किती जपून, असं धाकटीच्या मनात यायचं. ती वहिनीवर रागवायची नाही. फक्त एक दिवस असा यावा की ही बाई आपल्या गोळीची वाट न बघता झोपून जाईल, एवढंच तिला वाटायचं.

आणि अशात एका सकाळी फोटोवाले आजोबा दुकानात आले. समोरच्या गल्लीत त्यांचा जुना फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, शनिवारी संध्याकाळी मुलं-नातवंडं जमणार होती, आणि त्यांना दोन मजली केक हवा होता. वर साखरेचे गुलाब, भोवती लेसची नक्षी. वहिनी काही बोलायच्या आत ते म्हणाले की केक धाकटीच्याच हातचा हवा, नाहीतर नकोच. वहिनीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं अगदी सावकाश, अजिबात न हसता होकार दिला, आणि मग आत भट्टीशी जाऊन पोटभर हसून घेतलं.

याच सुमाराला दादाला चक्कर आली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. झालं, वहिनी कंबर कसून उभी राहिली. कमी म्हणजे किती, हा घोळच नको म्हणून तिनं मीठ बंदच करून टाकलं. मिठाची बरणी माळ्यावर गेली. चीज गेलं, खारे दाणे गेले, डब्यातलं सूप गेलं. विकायच्या पावात मीठ पडायचं तेवढं पडायचं, पण घरासाठी दादानं रोज एक अळणी पाव वेगळा भाजायचा, असा हुकूम निघाला. दादाच्या जिवावर आलं. मीठ नसलं की पिठाला ताळतंत्र राहत नाही, ते भसाभस फुगतं आणि भट्टीत जायच्या आत खाली बसतं, असं तो कळवळून सांगत होता. त्याचा तो पाव दिसायला उशीसारखा आणि चवीलाही उशीसारखाच.

धाकटीला मात्र हे पथ्य मनापासून आवडलं. इतकी वर्षं या दोघांनी तिच्यासाठी काय काय सोडलं होतं, आणि तिच्यावर कुणासाठी काही सोडायची वेळच आली नव्हती. आता आली. वहिनी तिच्या ताटात चिमूटभर मीठ घालायला तयार होती, पण धाकटीनंच हात आडवा धरला. म्हणाली, दादाला नाही तर मलाही नाही. ती अळणी सूप चवीनं प्यायची आणि अळणी बटाटे वा वा करत खायची. दादा तिच्याकडे बघायचा आणि मग निमूटपणे आपलेही संपवायचा. घरात एकंदरीत मोठं समाधान होतं.

थरथर वाढली ती त्यानंतर. बारीक थरथर धाकटीच्या ओळखीची होती, इतक्या वर्षांत तिनं तिच्याशी जमवून घेतलं होतं. कोपर टेबलावर टेकवायचं, श्वास सोडता सोडता रेघ ओढायची, की काम भागायचं. शनिवारच्या केकचे गुलाब तिनं आधीच करून डब्यात वाळत ठेवले होते, तेव्हा हात ठीक होता. पण लेसचा सराव करायला तिनं क्रीमची पिशवी उचलली, तर पिशवीच्या तोंडाच्या नोझलचं टोक कागदावर नाचायला लागलं. कोपर टेकवलं तरी नाचत होतं. चहाच्या कपातला चहा बशीत सांडायला लागला. तोंडाला कोरड, पोटात मळमळ, पाय जड. तिला वाटलं, धास्तीनं होतंय. पाच वर्षांनी मोठं काम आलंय, जीव घाबरा झाला असेल. मग तिनं ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे सगळे उद्योग सुरू केले. वहिनी समोर आली की हात एप्रनच्या खिशात. सूप चमच्यानं नको, कपानं पिते, असं म्हणायची. पिशवी धुवायला टाकलीय, सराव नंतर करते, म्हणायची.

मंगळवारी दुपारी तिनं सरावाचा शेवटचा कागद चुरगाळून फेकला आणि खुर्चीवर बसून राहिली. शनिवार तोंडावर आला होता. आणि मग तो जुना विचार आला, अगदी घरच्या पाहुण्यासारखा, न विचारता आत येऊन बसला. चार दिवस. फक्त चार दिवस गोळी घेतली नाही तर हात साफ होईल. या वेळी आपण शहाण्या आहोत, या वेळी आपण रात्री झोपू, या वेळी केक दोनच मजल्यांचा राहील. मागच्या वेळीही तिनं स्वतःला असंच सगळं समजावलं होतं, हे तिला आठवत होतं. तरी तो विचार जाईना, आणि तिला त्याची भीती वाटायला लागली.

त्या संध्याकाळी वहिनीनं गोळ्या तळहातावर ठेवून हात पुढे केला. धाकटीनं त्या तोंडात टाकल्या, जिभेखाली सरकवल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘घेतली गं.’ वहिनीनं ओटा पुसला, फडकं वाळत घातलं आणि दिवा मालवायला हात उचलला. एवढंच करायचं होतं. आता फक्त आपल्या खोलीत जायचं आणि थुंकून टाकायचं. पण धाकटी दारापर्यंत गेली आणि वहिनीचा तो दिव्याकडे गेलेला, दिवसभराचा दमलेला हात तिला दिसला. पाच वर्षं या हातानं आपल्याला खोटं बोलायची गरज पडू दिली नाही, आणि आज आपण खोटं बोललो. तिला रडूच कोसळलं. ती मागे वळली आणि तिनं तोंडातून गोळ्या काढून हातावर घेतल्या.

‘वहिनी, नाही घेतली. जिभेखाली ठेवली होती.’

वहिनीनं दिवा तसाच राहू दिला आणि ती जवळ आली. 

‘का?’

धाकटीनं दुसरा हात पुढे केला आणि मोकळा सोडला. तो हलत होता, बोटं वाऱ्यावरच्या कागदासारखी. वहिनीनं तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, तरी आतून हलायचा थांबला नाही.

‘वन्सं, हे कधीपासून?’

वहिनी एरवी तिला अगं-तुगं करायची. वन्सं म्हणाली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. धाकटीनं सगळं सांगितलं. मळमळ, तहान, चहा सांडतो ते, आणि चार दिवसांचा तो बेतही. वहिनी एका शब्दानं रागावली नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ प्रश्न आले. मग बाईंनी सांगितलं की आजची गोळी घेऊ नका, पाणी नेहमीसारखं प्या, रात्रीत गुंगी आली, उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर न थांबता इस्पितळात न्या, नाहीतर सकाळी पहिल्यांदा इकडेच या, रक्त तपासू.

गंमत बघा, गोळी तीच आणि न घेणंही तेच. धाकटीनं स्वतःच्या मनानं टाळली असती तर ती चोरी होती, आणि डॉक्टरीणबाईंनी थांबवली तर ते औषधपाणी झालं.  त्या रात्री वहिनी धाकटीच्याच खोलीत खाली गादी टाकून झोपली.

सकाळी रक्त देऊन दोघी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. बाई एकेक गोष्ट विचारत गेल्या. दुसरं कुठलं औषध सुरू केलंय का, अंगदुखीची गोळी घेतली का, ताप, जुलाब, उपास, काहीतरी? वहिनी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होती, सगळ्यांना नाही, नाही, नाही. मग बाईंनी विचारलं की गेल्या काही दिवसांत घरात काही बदल झालाय का, खाण्यापिण्यात वगैरे. वहिनीचा चेहरा उजळला. इथे तिला काहीतरी चांगलं सांगण्यासारखं होतं. तिनं सविस्तर सांगितलं की दादाचं प्रेशर वाढल्यापासून आपण घरातून मीठ कसं मुळासकट काढून टाकलं, बरणी माळ्यावर टाकली, चीज बंद, सूप अळणी, पावसुद्धा अळणी, आणि धाकटी किती गुणाची, स्वतःहून तिनंही सोडलं, कणभर खात नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. धाकटीचं हे औषध आणि मीठ, दोन्ही मूत्रपिंडातून बाहेर जातात. शरीराला मीठ मिळेनासं झालं की ते असलेलं मीठ धरून ठेवायला लागतं, आणि मिठाबरोबर हे औषधही धरून ठेवतं. गोळी रोजची तेवढीच, पण रक्तात ती साठत जाते. थरथर, मळमळ, तहान, सगळं त्यातलंच. वेळेत आलात. अजून थोडे दिवस गेले असते तर प्रकरण जड गेलं असतं.

‘म्हणजे मीच हिला,’ एवढंच वहिनी म्हणाली आणि थांबली.

मीठ आणि पाणी एकदम कमीजास्त करायचं नाही, हे बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि वहिनीला ते पाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण ते धाकटीच्या पथ्यातलं कलम होतं, आणि हे दादाचं पथ्य होतं. दोन पथ्यं एका ताटात समोरासमोर येतील आणि भांडतील, हे डोळ्यांत तेल घालून बसलेल्या वहिनीलाही दिसलं नाही. डोळ्यांत फार तेल घातलं तरी अंधुक दिसतं, दुसरं काय.

घरी आल्यावर तिघांत दोष घेण्यावरून भांडण जुंपलं. वहिनी म्हणे चूक माझी, मी बरणी उचलली. दादा म्हणे माझी, मला चक्कर आली नसती तर काहीच झालं नसतं. धाकटी म्हणे माझी, मीच हात आडवा धरला आणि मीच लपवलं. कुणी मागे हटेना. शेवटी खाली दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं म्हणून भांडण तसंच अर्धवट सोडावं लागलं.

दुपारी रक्ताचा निकाल आला. पातळी वाढली होती, पण आटोक्यात येण्यासारखी. गोळी शुक्रवारच्या तपासणीपर्यंत बंद, मग बाई सांगतील तशी सुरू. मीठ मात्र पूर्वी खायची तेवढंच, ना जास्त ना कमी. संध्याकाळी माळ्यावरून बरणी खाली आली आणि त्या घरात प्रथमच दोन पातेली चुलीवर चढली. वहिनीनं एक धाकटीपुढे ठेवलं, एक दादापुढे. धाकटीनं चमचा उचलला आणि खाली ठेवला. मीठ घातलेलं सूप दादाच्या समोर बसून प्यायचं, हे तिच्यानं होईना.

‘खा की,’ दादा म्हणाला. ‘सोबत म्हणून सोडलंस ना? आता सोबत म्हणूनच खा.’

आणि त्यानं आपलं अळणी सूप असं भुरका मारून प्यायलं की जणू मेजवानीला बसला होता. धाकटीनं पहिला घोट घेतला. मिठाला एवढी चव असते हे ती विसरूनच गेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दादानं लगेच बजावलं की सुपात रडू नकोस, हिशेबापेक्षा खारट होईल.

गुरुवारी थरथर कमी झाली. शुक्रवारी रक्तात पातळी उतरलेली दिसली, आणि बाईंनी सांगितलं की शनिवारी रात्रीपासून गोळी पुन्हा सुरू करा. पण शनिवारी सकाळी केक समोर आला, पांढराशुभ्र, दोन मजली, दादानं एकसारखा भाजलेला, आणि धाकटीनं क्रीमची पिशवी हातात घेतली तेव्हा हात लेस विणण्याइतका साफ नव्हता. गुलाब बसवता आले. मोठी पानं काढता आली. लेस नाही. ती पिशवी घेऊन उभी राहिली, आणि मग तिनं वहिनीला हाक मारली.

वहिनीला वाटलं, काहीतरी उचलून द्यायचं असेल. धाकटीनं तिच्या हातात पिशवी दिली.

‘रेघा तू काढायच्यास.’

वहिनीनं आयुष्यात कधी केकवर ठिपकासुद्धा दिला नव्हता. ती म्हणाली की वेडी आहेस का, माझ्यानं बिघडेल, माझा हात कसला.

‘तुझा हात हलत नाही,’ धाकटी म्हणाली. ‘पाच वर्षं रोज बघतेय मी. गोळी धरलेला तुझा हात एकदाही हलला नाही.’

 वहिनीनं बांगड्या वर सरकवल्या.

मग त्या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं ते घडलं. सकाळभर धाकटी हुकूम सोडत होती आणि वहिनी ते पाळत होती. श्वास धर. आता सोड, सोडता सोडता खाली आण. दाबू नकोस, येऊ दे. मधे बोलू नकोस. दादा भट्टीच्या दारातून डोकावून हे दृश्य बघून जायचा, आणि तिसऱ्यांदा डोकावला तेव्हा दोघींनी मिळून त्याला हाकललं. वहिनीकडून लेस काही झाली नाही. गोलाई तिच्या स्वभावातच नव्हती. पण तिच्या रेघा सरळ आल्या, वरून खाली, एकीला एक लागून, कंगव्याच्या दातांसारख्या. धाकटी मागे सरून बघत राहिली. मग तिनं लेसचा बेतच सोडून दिला, केकला चहूबाजूंनी त्याच रेघा घ्यायला सांगितल्या आणि गुलाबांची जागा बदलली. आणि हे सुचल्याच्या आनंदात ती मोठ्यानं हसली. वहिनीचा हात थांबला नाही. ती रेघ पूर्ण करूनच तिनं विचारलं, हसतेस काय, वाकडी आलीय का.

संध्याकाळी फोटोवाले आजोबा आणि आजी स्वतः केक न्यायला आले. केक दारातून सहज बाहेर जाईल का, हे दादानं आधीच मोजून ठेवलं होतं. आजोबा केकभोवती फिरले, एका बाजूला वाकले, दुसऱ्या बाजूला वाकले, जसे फोटो काढायच्या आधी वाकत असतील. धाकटीला राहवलं नाही. आजोबांनी तिच्याच हातचा केक मागितला होता, आणि आता तिला कुणाशीच काही लपवायचं नव्हतं. तिनं सांगितलं की हात बरा नव्हता, रेघा वहिनीच्या आहेत.

आजोबांनी आजींकडे बोट केलं. ‘पन्नास वर्षं फोटो मी काढले आणि अंधाऱ्या खोलीत उभं राहून धुतले हिनं. पाटीवर नाव माझं एकट्याचं. कुणाच्या हातचे म्हणायचे?’ आजी म्हणाल्या की पाटी बदलायला अजून उशीर झालेला नाही, आणि सगळे हसले.

केक गेला. तिघं जेवली, एकाचं अळणी, दोघींचं नेहमीचं, आणि पुलापर्यंत फिरून आली. वहिनीचं मनगट दुखत होतं. क्रीमची पिशवी दाबून दाबून तिच्या बोटांना गोळा आला होता, आणि पाणी पिताना ग्लास थोडा डचमळला, तेव्हा दादानं तिला पाणी जपून पी म्हणून चिडवून घेतलं. ती म्हणाली, जरा पाठ टेकते, आणि आत गेली.

धाकटी भांडी आवरून ओट्यापाशी आली. डबी जागेवर होती. आज गोळी पुन्हा सुरू व्हायची होती. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःच डबी उघडली, गोळ्या तळहातावर घेतल्या, तोंडात टाकल्या आणि ग्लासभर पाणी प्यायली.

‘घेतली गं,’ ती सवयीनं म्हणाली.

आतून उत्तर आलं नाही. तिनं दारातून डोकावून पाहिलं. वहिनी चष्मा न काढता, पांघरूण न घेता, मनगट उशीवर ठेवून गाढ झोपली होती. धाकटीनं तिचा चष्मा काढून बाजूला ठेवला, अंगावर पांघरूण घातलं, आणि बाहेर येऊन दिवा मालवला.